विहीणबाईंसाठी स्पॅनिश

शुभदाने हात वर केला, पण बोटं काही बाहेर आली नाहीत. अंगातला कोट जावयाचा होता, त्याच्या उंचीचा, आणि त्याची बाही तिच्या हातापेक्षा चांगली वीतभर लांब. वर्गाच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. साथीच्या दिवसांत हवा खेळती पाहिजे असा शाळेचा नियम होता, त्यामुळे नोव्हेंबरचा वारा खुशाल आत-बाहेर करत होता आणि माणसं कोट-मफलर गुंडाळून एकमेकांपासून लांब लांब बसली होती.

"सी, शुभदा," मार्ता म्हणाली. सी म्हणजे हो. मार्ता म्हणजे वर्गाच्या बाई. ओठ कसे हलतात ते दिसावं म्हणून मास्कऐवजी ती तोंडापुढे प्लास्टिकचं पारदर्शक काहीतरी लावायची, आणि बोलण्याच्या भरात त्यावर वाफ धरली की हसत हसत पुसायची.

पहिला दिवस. स्पॅनिश कशासाठी शिकायचंय ते प्रत्येकाने सांगायचं होतं, इंग्रजीत चालेल. हेंकचं सांगून झालं होतं. हा हेंक सत्तरीचा डच गृहस्थ, स्पेनमध्ये समुद्राकाठी घर घेऊन बसलेला, आणि तिथल्या प्लंबरशी चार शब्द बोलता यावेत एवढीच त्याची इच्छा. शुभदा उभी राहिली. डोंबिवलीच्या शाळेत तिने तीस वर्षं पहिलीच्या पोरांना असंच उभं केलं होतं. आता स्वतःवरच ती पाळी आल्यावर तिला हसू फुटलं.

"माझ्या मुलीचं लग्न आहे," ती म्हणाली. "मुलगा स्पॅनिश. मला त्याच्या आईशी बोलायचंय. म्हणजे माझ्या..." आणि इथे गाडी अडली. इंग्रजीत विहिणीला काय म्हणतात? मुलीची सासू म्हणावं तर ती मुलीची कोणीतरी झाली. आपली कोण?

"तुमची कोन्सुएग्रा!" मार्ताने टाळी वाजवली. "नवऱ्याची आई आणि बायकोची आई, त्या दोघी एकमेकींच्या कोन्सुएग्रा."

"तुमच्यात आहे शब्द?"

"आहे म्हणजे काय! माझी आई आणि तिची कोन्सुएग्रा दर रविवारी फोनवर भांडतात."

"डचमध्ये नाही असा शब्द," हेंक जरा खट्टू होऊन म्हणाला.

शुभदाला इतका आनंद झाला की तिने खाली बसून तो शब्द तीनदा पुटपुटला. ज्या माणसांना विहीण कळते त्यांच्याशी आपलं जमणार, याबद्दल तिला शंका राहिली नाही.

वर्गात येण्याचं कारण झालं होतं एक वाक्य.

लग्न डिसेंबरात होतं. लग्न म्हणजे काय, तर खेमेन्तेत, इथल्या नगरपालिकेत, जाऊन सह्या करायच्या. ना हळद, ना मांडव, ना पंगत. हरिहररावांना, म्हणजे शुभदाच्या नवऱ्याला, हृदयाच्या डॉक्टरांनी विमानाचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं. तिकडे स्पेनमधल्या गावात विहीणबाईंना, एन्कार्नाबाईंना, आदल्या वर्षी साथीच्या आजाराने इतकं पिळून काढलं होतं की त्यांनाही प्रवास बंद. दोन्ही घरची मिळून एकटी शुभदा तेवढी हजर राहणार होती, त्यासाठी ती दोन्ही लशींची सर्टिफिकिटं घेऊन तीन महिन्यांकरता नेदरलँड्समधल्या वाखनिंगनला, मुलीकडे, येऊन थडकली होती.

तिची कशालाच तक्रार नव्हती. तिला फक्त एवढंच हवं होतं, की दर शनिवारी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल येतो, त्यात ईशानीने, म्हणजे मुलीने, त्यांना आईचं एक वाक्य सांगावं.

"कोणतं?" ईशानीने विचारलं होतं. ती टोमॅटो चिरत होती. युनिव्हर्सिटीत दिवसभर टोमॅटोच्या रोगांवर संशोधन करून घरी आल्यावर पुन्हा टोमॅटोच.

"आमची मुलगी तुमच्या पदरात टाकतेय. काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या."

सुरी थांबली. "आई, मी काय दळणाचा डबा आहे का? इथून उचलला, तिथे ठेवला?"

"अगं, असं म्हणायचं असतं."

"कोणी ठरवलं?"

"मुलीच्या आईने म्हणायचं असतं. माझ्या आईने म्हटलं, तिच्या आईनेही म्हटलं असणार."

"मी बत्तीस वर्षांची आहे. रुबेन आणि मी तीन वर्षं एका घरात राहतोय. त्या तिकडे, मी इकडे, त्या मला काय सांभाळणार? सॉरी, मी नाही हे ट्रान्सलेट करणार."

एरवीही ईशानीचं भाषांतर म्हणजे सगळी काटकसर. शुभदा दोन मिनिटं बोलली की ती चार शब्दांत गुंडाळायची, आणि विहीणबाई पडद्यावरून नुसती मान डोलवायच्या. पण ही काटकसर नव्हती, हा नकार होता, आणि शुभदाला मनातून फार वाईट वाटलं. पोटच्या पोरीचं लग्न आणि आपल्याला करायला काहीच नाही. विमानातून उतरायचं, कोपऱ्यात उभं राहायचं, फोटोत हसायचं, झालं. ते एक वाक्य बोलली असती तर आपण मुलीचं लग्न लावून दिलं असं तिला वाटलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "मग माझं मी म्हणेन."

"स्पॅनिशमध्ये?" ईशानीने हात न धुताच तिला मागून मिठी मारली. "शीक, आई. खुशाल शीक."

तिला वाटलं, आई चिडून बोलतेय. दुसऱ्याच दिवशी शुभदा फिरायला म्हणून बाहेर पडली आणि चौकातल्या भाषाशाळेत नाव घालून परत आली.

आणि मग काय सांगावं, तिला मजाच यायला लागली. इतकी वर्षं फळ्याच्या त्या बाजूला काढल्यावर या बाजूला बसण्यात जे सुख आहे ते तिला साठीत कळलं. मार्ताचा प्रत्येक डाव तिला ओळखू यायचा. आता ही प्रश्न त्याला विचारणार, जो खिडकीबाहेर बघतोय. आता मुद्दाम चुकीचं बोलणार आणि आपण ओरडून दुरुस्त करावं म्हणून वाट बघणार. शुभदा सगळ्यात आधी ओरडायची. घरी येताना नदीच्या बांधावरून चालत ती दिसेल त्याला स्पॅनिश नाव द्यायची. पाणी, पूल, गाय, सायकल. समोरून येणारी माणसं वाऱ्यात डोकं खुपसून चाललेली असायची, त्यांना ती "ओला", म्हणजे नमस्कार, म्हणायची आणि ते बिचारे गोंधळून डचमध्ये काहीतरी पुटपुटायचे.

संध्याकाळी रुबेन घरी आला की तो तिच्याकडून शब्दांची उजळणी करून घ्यायचा. "चमचा?" "कुचारा." "मीठ?" "साल." रुबेन दोन्ही हात वर करून पसंती द्यायचा. ईशानी लॅपटॉपवरून डोळे न काढता म्हणायची, "आई, तू त्याला माझ्यापेक्षा जास्त हसवतेस."

दोन आठवडे झाल्यावर तिने मधल्या सुट्टीत मार्ताला गाठलं आणि ते वाक्य सांगितलं. पदर म्हणजे काय हे दाखवायला कोटाच्या आतून साडीचा पदर ओढून काढावा लागला. मार्ताने बराच वेळ विचार केला.

"तुमची मुलगी सायंटिस्ट आहे ना? तिला कोणी सांभाळायला हवंय?"

"नाही हो. ती दोन माणसांना पुरून उरेल."

"मग?"

"मग काही नाही. तरी म्हणायचं असतं."

मार्ता हसली नाही. तिने हळूहळू दोन छोटी वाक्यं करून दिली. माझी मुलगी मी तुमच्या हाती देते. कुईदेला, तिची काळजी घ्या. शुभदाला ती इतकी आवडली की घंटा झाली तरी ती म्हणतच बसली.

तालमीसाठी विहीणबाई झाला हेंक. दुसरं कोणी तयार होईना. तो मफलर डोक्यावरून घेऊन खुर्चीत ताठ बसला. शुभदाने हात जोडून दोन्ही वाक्यं न चुकता म्हटली, अगदी खऱ्या विहिणीपुढे म्हणावीत तशी. हेंक गडबडला. त्याला फक्त प्लंबरची वाक्यं येत होती.

"गरम पाणी कधी येणार?" त्याने गंभीरपणे विचारलं.

सगळा वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मार्ताला तोंडापुढचं प्लास्टिक काढून डोळे पुसावे लागले. शुभदाही हसली, पण घरी जाताना बांधावर तिने पुन्हा ती दोन वाक्यं म्हटली, आणि त्या वेळी ती हसत नव्हती. लग्नाआधीचा शेवटचा शनिवार परवावर आला होता.

शनिवारी सकाळी ईशानी आणि रुबेन बाजाराला गेली आणि पावसाने त्यांना तिकडेच अडकवलं. शुभदा कणीक मळत होती. ओट्यावर ठेवलेला टॅबलेट वाजायला लागला. पडद्यावर विहीणबाईंचा फोटो.

ती हात तसेच धरून उभी राहिली. पोरं येईपर्यंत वाजू द्यावा का? बंद झाला तर? मग तिने कणकेच्या हाताने, करंगळीने, हिरवं बटण दाबलं.

एन्कार्नाबाई स्वयंपाकघरातच होत्या, कमरेला एप्रन. त्या धडाधड बोलायला लागल्या. शुभदाला त्यातलं "ओला" तेवढं कळलं.

"देस्पासियो," ती म्हणाली. हळू. "मी शिकते. थोडं थोडं."

पलीकडचा चेहरा एकदम बदलला. एन्कार्नाबाईंनी तोंडावर हात ठेवला, मग पडद्याच्या अगदी जवळ आल्या. रुबेन? नाही. ईशानी? नाही. दोघं बाहेर. पाऊस. शुभदाने बोटांनी पाऊस पाडून दाखवला.

आता म्हणायचं. शुभदाने हात जोडले, कणकेसकट. घसा खाकरला.

पण एन्कार्नाबाईच आधी बोलल्या. त्यांनी आवाज खाली आणला, घरात कोणी नसतानासुद्धा, आणि एकेक शब्द असा सुटा सुटा ठेवला की शुभदाला वेचता यावा. माझा मुलगा. एकच. लांब. खूप लांब. मी येत नाही. त्यांनी छातीवर हात ठेवला. मी आजारी. तुम्ही तिथे. तो मोठा आहे, पण... इथे काही शब्द निसटले. मग पुन्हा कळलं. तुम्ही तिथे आई. कुईदे, सेन्योरा. कुईदे आ मी ईखो. माझ्या मुलाची काळजी घ्या. आणि त्यांनी एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं.

शुभदाचे हात जोडलेलेच राहिले. आयुष्यात तिने किती लग्नं पाहिली होती. मुलाची आई मानाच्या खुर्चीवर बसलेली, नारळ, साडी घेणारी, ऐकून घेणारी. तिलाही कोणापुढे असं म्हणावंसं वाटत असेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला भडभडून आलं. पाठ केलेली दोन वाक्यं जिभेवर तयार होती, पण आता ती म्हणणं म्हणजे समोरच्या बाईचं ऐकलंच नाही असं झालं असतं. तीन महिने संपले की आपणही डोंबिवलीला परत जाणार, हे सांगायला शब्द नव्हते, आणि असते तरी तिने ते या क्षणी सांगितलं नसतं.

"अहो विहीणबाई," ती सरळ मराठीत म्हणाली, "रडू नका बघू. मी आहे ना. अजिबात काळजी करायची नाही."

एन्कार्नाबाईंनी मान हलवली. त्यांना कळलं होतं.

मग शुभदाने नाक पुसलं, गालाला कणीक लागली, आणि वर्गात शिकलेलं कामाचं असं पहिलं वाक्य तिला सुचलं. "रुबेन काय खातो?"

झालं. पुढचा अर्धा तास कसा गेला ते दोघींना कळलं नाही. मसूर, भात, अंडं, बटाटा, मासा नको, दूध नको, दूध प्यायला की पोट. एन्कार्नाबाईंनी पोट धरून दाखवलं. शुभदाने पोळी लाटून दाखवली, ती फुगल्यावर पलीकडून "आय!" असा आवाज आला, मग तिने आणखी एक फुगवली, केवळ त्या आवाजासाठी. एन्कार्नाबाईंनी कपाटातून रुबेनचा लहानपणीचा फोटो आणला, दात पडलेला, गुडघे फुटलेले. शुभदा म्हणाली, "माझ्या वर्गात असे पन्नास होते," आणि बाईंनी काही न कळता मनापासून होकार दिला.

कॉल संपतो न संपतो तोच दार उघडलं. दोघंही नखशिखान्त भिजलेली.

"आई, कोणाशी बोलत होतीस?"

"तुझ्या सासूबाईंशी."

"एकटी?" ईशानीने पिशव्या खाली ठेवल्या. "आणि? म्हणालीस तुझं ते वाक्य?"

"राहिलं."

"राहिलं? एवढा क्लास लावून? मग इतका वेळ काय बोलत होतात?"

"विहिणी-विहिणींचं असतं ते. तुला काय करायचंय?"

रुबेन दाराशी बूट काढत होता. केसांतून पाणी टपकून त्याच्या मानेवर ओघळत होतं, आणि तो ते झटकून आत निघाला होता. आल्या दिवसापासून शुभदा त्याला मानाने वागवत होती. या, बसा, घ्या ना अजून. जावईच तो. आता तिने खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल उचलला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ए, इकडे ये. असा ओल्या डोक्याने फिरणार आहेस का?"

तिने टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला सुरुवात केली. तो इतका उंच, की तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं. रुबेन आधी दचकला, मग टॉवेलखालचं डोकं तिच्या हाती देऊन उभा राहिला.

"आई," ईशानी बघतच राहिली. "तू त्याला अरे-तुरे करतेयस."

"मग काय अहो-जाहो करू?" शुभदा म्हणाली आणि टॉवेलवरून त्याची मान हलकेच खाली दाबली. "वाक रे जरा. कानामागे तसंच राहिलंय पाणी."