चंद्रभानने सुधारलेला मथळा

इतवारीतल्या महादेवरावांच्या छापखान्यात आपल्यासारखा कंपोझिटर दुसरा नाही, असं चंद्रभान स्वतःच सांगत असे, आणि ते खोटंही नव्हतं. खणांतून अक्षरांचे शिशाचे खिळे उचलून ओळीत लावताना त्याची बोटं बघत राहावीत अशी चालत. पण या बाबाला एक खोड होती. गिऱ्हाइकाचा मजकूर जसाच्या तसा लावणं त्याला कमीपणाचं वाटे. लग्नपत्रिका असो की तेराव्याचं कार्ड, हा मध्ये आपलं डोकं चालवणारच. "लोकायले लिहिता कुठं येते गा?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा वाद पेटला, तेव्हाची गोष्ट. दोन सभ्य दिसणारे गृहस्थ एक पत्रक छापायला घेऊन आले. बौद्ध वस्त्यांच्या विरुद्ध होतं. मथळा होता, 'समाजाची शांतता भंग करणाऱ्यांपासून सावधान'. चंद्रभानला हसू आलं. "हे पत्रक आहे का तहसीलची नोटीस?" म्हणाला, आणि कानावरची पेन्सिल काढून त्याने ती ओळ खोडली. वर लिहिलं, 'ही माणसं नव्हेत, ढेकूण आहेत!' गृहस्थ एकदम खूश. एकाने तर पाठ थोपटली. आणि आपला हा शहाणा दिवसभर खुशीत गुणगुणत राहिला.

ते पत्रक छापलं कोणी? देवरावने. छापखान्यात ट्रेडल मशीनवर देवरावच होता. छप्पन साली बापासोबत दीक्षाभूमीवर गेलेला, त्याच समाजातला माणूस. पायाने ट्रेडल मारत, हाताने एकेक कागद घालत त्याने दोन हजार प्रती काढल्या. मालकाचं काम, नाही कसं म्हणणार? त्या माणसाला काय वाटत असेल, हे चंद्रभानच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. हो, शिवलं नाही! मला आजही राग येतो तो याच गोष्टीचा.

पुढे आठ दिवसांत पोरांची टोळकी तोच मथळा रस्त्याने ओरडत फिरली. एका वस्तीवर दगड पडले, चार झोपड्या जळल्या. चंद्रभानने सायकलवरून जाताना ते ओरडणं ऐकलं, आणि पायडल जोरात मारत तो दुसऱ्या गल्लीत वळला. मग त्याने स्वतःला समजावलं की पोरं काय, कुठूनही शिकतात. आपण फक्त खिळे लावले. हे समजावणं पाच वर्षं पुरलं.

त्र्याऐंशी साली प्रताप नगरातल्या सत्यवतीबाई आपलं पुस्तक घेऊन छापखान्यात आल्या. कॉलेजात इतिहास शिकवायच्या. पुस्तक होतं जगभरातल्या वंशसंहारांवर. तुर्कस्तानात आर्मेनियन, जर्मनीत ज्यू, परवा परवा कंबोडिया. एकेका देशात लाखो माणसं कशी मारली गेली, आणि त्याआधी तिथे काय काय घडत गेलं, ते बाईंनी सोप्या मराठीत लिहिलं होतं. चंद्रभान लावत गेला. पहिल्या तीन प्रकरणांत त्याने सवयीने एखाददुसरा शब्दही सुधारला.

चौथ्या प्रकरणात त्याचा हात मंदावला. बाईंनी लिहिलं होतं की मारणारे सगळीकडे वेगळे, भाषा वेगळ्या, देव वेगळे. पण सुरुवात एकच. आधी कोणीतरी त्या माणसांना माणूस म्हणायचं थांबवतो. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांच्या लेकरांना लिखा म्हणाले. जर्मनीत ज्यूंना उंदीर म्हणाले. तुर्कस्तानात, कंबोडियात जंतू म्हणाले. मग शेजारी गप्प बसले, कारण किडामुंगी मेली तर कोण रडतं?

आणि त्याखाली एक वाक्य होतं. 'आपल्याही शहरात पाच वर्षांपूर्वी वाटलेल्या पत्रकाचा मथळा होता, ही माणसं नव्हेत, ढेकूण आहेत; लिहिणारा कोण, ते कळले नाही.'

चंद्रभानची कानशिलं तापली. हातातली खिळे लावायची स्टिक त्याने खाली ठेवली. अरे देवा, जर्मनी आणि तुर्कस्तानच्या पंगतीत मी! लाज अशी वाटली की महादेवरावांच्या खुर्चीकडेही त्याला बघवेना. आणि लाज वाटलेला माणूस काय करतो? लपतो. त्याने ते वाक्य सोडून पुढची ओळ लावायला घेतली.

आता छापखान्याची रीत अशी, की प्रूफ निघालं की एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने प्रूफवर नजर ठेवायची. वाचायचं काम नेहमी देवरावचं, आवाज खणखणीत होता त्याचा. त्या दिवशी चंद्रभाननेच कागद पुढे ओढले.

"आज मी वाचतो. तू प्रूफ पाह्य."

"काहून जी?"

"घसा मोकळा करून राहिलो समज."

देवरावने प्रूफ हातात घेतलं. चंद्रभान वाचत गेला. लिखा आल्या, उंदीर आले, जंतू आले. आवाज कापू न देता त्याने ते वाक्य ओलांडलं आणि पुढचा परिच्छेद धरला. दोन ओळी झाल्या.

"थांबा," देवराव म्हणाला. "एक वाक्य राह्यलं."

"कुठं? प्रूफात तं बरोबर आहे ना सारं?"

"प्रूफात नाही. तुमच्या हातातल्या कागदात आहे."

चंद्रभानने वर पाहिलं नाही. "तुले कसं मालूम?"

"ते पत्रक बाईले मीच देलं. पाच वर्सं पेटीत ठेवलं होतं. वाक्य लिहिल्यावर तिनं मले वाचून दाखवलं."

चंद्रभानला वाटलं, हातातला कागद टाकावा आणि सरळ घरी निघून जावं. पण किती दिवस पळणार होता असा?

"देवराव," तो कसाबसा म्हणाला, "तो मथळा माया आहे. त्या लोकायचा नाही. मी लिहिला."

"मालूम आहे मले. पेन्सिलीनं खोडलेला कागद मायाच मशीनवर आला होता."

"मंग बाईले नाव काहून नाही सांगतलं? तिनं लिहिलं, कोन ते कळलं नाही म्हनून."

"तिनं इचारलं होतं. म्या म्हटलं, मालूम नाही." देवरावने प्रूफ टेबलावर ठेवलं. "वाटे, तुमी सोताच सांगसान. आज सांगसान, उद्या सांगसान. रोज सकाळी तुमाले जयभीम करतो मी, तुमी रामराम करता. रोज वाटे."

देवरावने शिवी दिली असती तर चंद्रभानने ती आनंदाने खाल्ली असती. इतक्या वर्षांत त्याच्या खरेपणावर कोणी इतका भरवसा ठेवला नव्हता, आणि तो त्याने पाच वर्षं रोज मोडला होता. त्याने पेन्सिल घेतली. प्रूफच्या कडेला सुटलेलं वाक्य लिहिलं. 'लिहिणारा कोण, ते कळले नाही' हे शब्द मात्र त्याने लिहिले नाहीत. त्या जागी आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि पुढे लिहिलं, कंपोझिटर, इतवारी. अक्षर लहान मुलासारखं वेडंवाकडं आलं.

"बाईले मीच नेऊन देतो हे," तो म्हणाला. "देवराव, मले माफ कर गा."

"मले नका मांगू." देवरावने ते प्रूफ त्याच्याकडे सरकवलं. "आमची पोरगी प्रेमिला तवा नववीत होती. पोट्टे तिच्या बाकावर खडूनं रोज तोच शब्द लिहीत. महिनाभर पुसला तिनं. मंग शाळा सोडली. लय हुशार होती जी, मले अंग्रेजी वाचून दाखवे. माफी मांगाची तं तिले मांगा. घरीच असते आता."

चंद्रभानने डोळे पुसले, चपला पायात घातल्या आणि दारापर्यंत गेला. तिथे उंबऱ्यातच थांबला. आत वळून पाहावं तर धीर होईना, बाहेर पडावं तर कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. देवरावसोबत त्याने एकवीस वर्षं काम केलं होतं, एकमेकांच्या डब्याला लागून डबा उघडला होता, आणि देवराव राहतो कुठे हे त्याने कधी विचारलंही नव्हतं.

"कोन्या मोहल्ल्यात राह्यते गा तू?" त्याने विचारलं, आणि विचारताना त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही.