तीनशेवी उशी

कोरिना टशुडिन आमचं गाव सोडून सिल्वान ब्युर्गिनच्या घरी राहायला गेली.

असं काही घडलेलं नाही. हिंटरफ्लूच्या रहिवासी नोंदवहीत तसं कुठेही लिहिलेलं नाही, आणि ती नोंदवही मी लिहितो.

हिंटरफ्लूचं क्षेत्रफळ चार पूर्णांक एक चौरस किलोमीटर. त्यातलं अठ्ठेचाळीस टक्के जंगल, त्रेचाळीस टक्के कुरणं आणि चेरीच्या बागा, आठ टक्के घरं आणि रस्ते. उरलेल्या एक टक्क्याला सरकारी तक्त्यात ‘अनुत्पादक’ म्हणतात. तो नुसता खडक आहे, पण एप्रिलपासून मला तो जवळचा वाटायला लागलाय. लोकसंख्या तीनशे.

हा आकडा सहजासहजी आलेला नाही. कितीतरी वर्षं आम्ही दोनशे नव्व्याण्णववर अडकलो होतो. कुणी जन्मलं की आठवड्याभरात कुणीतरी जायचं, जणू आपापसात ठरलेलं असावं. मग सहा वर्षांपूर्वी कोरिना आली आणि जुन्या दूधडेअरीच्या वरची खोली तिने भाड्याने घेतली. पंचायतीने तिला चीजचं एक अख्खं चाक दिलं, कारंज्यापाशी बाक बसवला आणि त्यावर पितळी पाटी लावली: ‘आमच्या तीनशेव्या रहिवाशास.’ पुष्पगुच्छ द्यायला कारकून म्हणून मला पाठवलं. मी गुच्छ द्यायला गेलो तो चार वर्षं परत आलो नाही. पलंगावर ती भिंतीकडे झोपायची, मी कडेला. शेवटी शेवटी मी सोफ्यावर, आणि त्यानंतर पुन्हा आईकडे. लोकसंख्येवर यातल्या कशाचाच परिणाम झाला नाही.

परिणाम करायला सिल्वान यावा लागला. सिल्वान ब्युर्गिन शेजारच्या ओबरलॉखचा. चेरी पिकवतो, चेरीची दारू गाळतो. शिडी न लावता झाडावर चढतो, असं लोक कौतुकाने सांगतात. मलाही शिडी लागत नाही, कारण मी चढत नाही. पण त्याचं कौतुक कुणी केलेलं मी ऐकलं नाही.

त्याचं घर डोंगराच्या धारेवर, बरोबर दोन गावांच्या हद्दीवर आहे. आधी घर की आधी हद्द, यावर दोन्ही गावांचं आजतागायत एकमत नाही. घरातून जमिनीवर लाल रंगाची रेघ गेलीय. स्वयंपाकघर आमचं, तळघर त्यांचं, झोपायची खोली निम्मी निम्मी. जुना करार असा, की त्या घरातला माणूस जिथे रात्री डोकं टेकतो त्या गावचा. ब्युर्गिन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ओबरलॉखमध्ये डोकं टेकत आली.

एप्रिलमध्ये कोरिनाने गाव सोडल्याचा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. ‘नवा पत्ता’ या रकान्यात ते घर होतं. मी म्हटलं, सीमेवरचं प्रकरण आहे, जागेवर पडताळणी करावी लागेल. ती निघून गेली. फॉर्म मी खणात ठेवला. रोज एकदा काढून बघायचो, अजून तिचंच अक्षर आहे का ते.

पडताळणीला मुहूर्त आयताच होता. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, गुरुवारी, अख्खं गाव टोपीला फुलं लावून हद्दीवरून चालतं. दगड जागेवर आहेत का ते बघायचं आणि शेवटी सॉसेज भाजायचं. हद्द सिल्वानच्या घरातून जाते म्हणून मिरवणूकही जाते. स्वयंपाकघराच्या दारातून आत, झोपायच्या खोलीतून पुढे, खिडकीतून बाहेर. दरवर्षी साठ-सत्तर माणसं चिखलाच्या बुटांनी ब्युर्गिनांच्या पलंगाजवळून जातात, आणि घरचे दारात उभे राहून प्रत्येकाला किर्शचा, म्हणजे त्यांच्या चेरीच्या दारूचा, एकेक पेला देतात.

या वर्षी पेला देत कोरिना उभी होती. मला तिने अर्धाच भरून दिला. म्हणाली, तुला चढते. खरं होतं, पण चार लोकांसमोर सांगायची गरज नव्हती.

खोलीत पलंग नवा होता. सिल्वानचा जुना, एकट्याचा पलंग पूर्ण ओबरलॉखमध्ये मावायचा. हा दोघांचा, त्यामुळे रेघ त्याच्या खालून जात होती. भिंतीकडची बाजू आमची. मोजायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. चार वर्षं मी त्या उत्तराच्या शेजारी झोपलेलो. तरी मी फीत काढली. सगळं गाव थांबलं, जे खिडकीतून अर्धे बाहेर गेले होते तेही तिथेच लोंबकळत राहिले.

“भिंतीकडची उशी कुणाची?” मी विचारलं.

“तुला माहीत आहे,” कोरिना म्हणाली.

“नोंदीसाठी विचारतोय.”

“माझी.”

मी जाहीर केलं, की सदर उशी रेघेपासून चाळीस सेंटिमीटर आत, हिंटरफ्लूच्या हद्दीत आहे. सबब कोरिना टशुडिन यांनी गाव सोडलेलं नाही. फॉर्म फेटाळला. इतकं बरं मला एप्रिलनंतर पहिल्यांदाच वाटलं.

सिल्वान छान हसला. त्याचं हसणं छानच आहे, मी नाही म्हणत नाही. “एवढंच ना राव,” तो म्हणाला, आणि त्याने दोन उशांची अदलाबदल केली.

सरपंच रोझमारी बूझर यांचे डोळे चमकले. त्यांनी बोटांवर हिशेब केला. पोरगी गेली, एक वजा. सिल्वान आला, एक अधिक. तीनशेचे तीनशे, वर दारूभट्टीवाला फुकट. “लिनुस, लिहून घे पटकन,” त्या मला म्हणाल्या. “बाकावरची पाटी तशीच चालेल. नाव कुठे आहे तिच्यावर?”

म्हणजे कोरिना जाणार, आणि तिच्या जागी सिल्वान माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात, तिच्याच बाकावर. मी पेन हरवल्याचं सांगितलं. पेन माझ्या टोपीत, फुलांच्या शेजारी होतं. सगळ्यांना दिसत होतं.

शेवटी कोरिनाच पेला खाली ठेवून पलंगापाशी आली आणि तिने उशा पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. “मला कडेला झोप लागत नाही,” असं तिने सरपंचबाईंना सांगितलं. मग ती माझ्याकडे वळली.

“ठेव तुझ्या वहीत मला, लिनुस. वहीतच ठेव.”

लोकसंख्या तीनशे राहिली. मी जिंकलो होतो. सरपंचबाई जराशा हिरमुसल्या, पण आकडा टिकला म्हणून एकेक पेला अजून झाला, आणि आम्ही ओळीने खिडकीतून बाहेर पडू लागलो. मी चौकटीवर एक पाय टाकून बसलो होतो तेव्हा मागून आमचा पाववाला थोमेन सहज म्हणाला, “उन्हाळ्याचं ठीक आहे रे. थंडी पडली की हिंटरफ्लूची लोकसंख्या चाळीस सेंटिमीटर पलीकडे सरकायची.”

अख्खी मिरवणूक हसली. कोरिनाही हसली. सॉसेज मला गेलं नाही.

डोंगरावर थंडी ऑक्टोबरात सुरू होते. म्हणून मी आज कॅन्टनच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, भूमापन कार्यालयाला खालील अर्ज रीतसर, तीन प्रतींत पाठवला आहे:

‘महोदय, हिंटरफ्लू व ओबरलॉख यांच्या हद्दीवरील एका निवासी खोलीत सीमा केवळ रंगाने दाखवलेली असून ती रात्रीच्या वेळी, विशेषतः हिवाळ्यात, पाळली जात नसल्याची दाट शक्यता आहे. लोकसंख्येची आकडेवारी अचूक राहावी यासाठी सदर खोलीतील पलंगाच्या मध्यभागी, दोन्ही उशांच्या बरोबर मध्ये, ग्रॅनाइटचा एक अधिकृत सीमादगड, उंची किमान ऐंशी सेंटिमीटर, ऑक्टोबरपूर्वी बसवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. दगड वाहून नेण्यास निम्नस्वाक्षरीकार स्वतः तयार आहे.’