जहऱ्याच्या वाटेवरचे ठिपके

"हा कागद कोणी छापला?"

शरीफा मुकादमनं कागद टेबलावर असा आपटला की चहाचे पेले हलले. कुवेतमधल्या खैतानच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची बुधवारची मीटिंग चालली होती. सात-आठ माणसं होती, सगळी आपापल्या पेल्यात बघायला लागली. शेवटी सेक्रेटरी सुमेध करमरकर हसले. मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत इंजिनीअर असलेला हा गृहस्थ प्रत्येक अडचणीला आधी हसायचा.

"सिस्टर, असं काय करता? कागद तुमचाच. खाली नावसुद्धा तुमचंच ठेवलंय."

"माझा आहे म्हणून तर विचारते! नव्वद सालच्या जानेवारीतला कागद आहे हा. आज एक्क्याण्णवचा नोव्हेंबर आहे. मधे काय झालं ते विसरलात की काय?"

कागदावर लिहिलं होतं, 'बसने जाऊन पायी फिरण्याच्या वाटा, क्रमांक चार. जहऱ्याच्या शेवटच्या थांब्यावर उतरावे. थांब्यासमोरच्या भट्टीवर ताजा खुबूस (रोटी) मिळतो, तो घ्यावा. मळे संपले की डांबरी रस्ता सोडून उजवीकडची मेंढरांची वाट धरावी. वळणावळणावर दगडांवर चुन्याचे ठिपके आहेत. ठिपके शोधण्याचे काम मुलांकडे द्यावे, मुले खूष राहतात. टेकडीवरून खाडी दिसते.' त्याखाली परतीच्या बसच्या वेळा होत्या. करमरकरांनी त्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं. वरती फक्त मोठ्या अक्षरांत घातलं होतं, 'येत्या शुक्रवारी सहकुटुंब सहल!'

"इराक्यांनी ती टेकडी सुरुंगांनी भरून ठेवलीय," शरीफा म्हणाली.

"रस्ता साफ केलाय हो आर्मीनं. बस सुरू झाली ना? सरकार उगाच बस सोडेल का?"

"बस डांबरावरून जाते, करमरकर! तुम्ही पोरं घेऊन डांबर सोडणार आहात."

"हे बघा, दीड वर्ष लोक कोंडून बसलेत. तेलविहिरींच्या आगी विझल्या, आभाळ दिसायला लागलं. लोकांना जरा मोकळं वाटू दे की! साठ कागद वाटून झालेत. आता रद्द केलं तर लोक म्हणतील, मंडळ घाबरलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला न विचारता छापलं, ते चुकलं आमचं. मान्य. पण म्हणून असा राग बरा नव्हे."

शरीफाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हिला मानपान हवा होता! रुसलेली विहीणबाई होती ही! तिनं कागदाचा चोळामोळा केला आणि तिथून निघाली.

रागाच्या भरात ती जे बोलली ते खरंच होतं. पण सगळं खरं ती बोलली नव्हती, आणि घरी जाताना तिला त्याचाच जास्त संताप येत होता.

म्हसळ्याकडची ही बाई अठ्ठ्याहत्तर साली नर्स म्हणून कुवेतला आली. डोंगरउतारावर वाढलेली. हॉस्टेलच्या खोलीत तिचा जीव गुदमरायचा. शुक्रवारी बाकीच्या पोरी दुपारपर्यंत झोपायच्या किंवा सोन्याची दुकानं बघत हिंडायच्या. ही मिळेल त्या बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि तिथून चालायला लागायची. लोक हसायचे. "वाळवंटात काय बघायचंय, सिस्टर? वाळू?" ती म्हणायची, "या एकदा, मग बोला." आले, आणि परत परत आले. हिवाळ्यात मिठाच्या दलदलीत गुलाबी पक्षी उतरायचे, पाऊस पडून गेला की उतारावर बोटभर उंचीची जांभळी फुलं यायची. गाडी कोणाकडे नव्हती, पण बस सगळ्यांना परवडायची. काही मंडळी पहिल्या बसनं येत, काही दुसऱ्या. मागच्यांनी चुकू नये म्हणून शरीफा पुढे चालताना दगडांवर चुना लावत जायची. चुन्याचा डबा आणि जुना ब्रश तिच्या पिशवीत असायचाच. त्या ठिपक्यांचा तिला भारी अभिमान. एकदा लावला की दोन वर्षं जात नाही म्हणायची.

आणि खरंच गेला नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटी तिच्या वॉर्डात झहूर आला. मंडणगडचा हा माणूस जहऱ्यात किराणा पोचवायची गाडी चालवायचा. नव्वदच्या थंडीत तो सगळ्या फेऱ्यांना आला होता, म्हाताऱ्यांची ओझी उचलायचा, लहान पोरं खांद्यावर घ्यायचा. लढाईनंतर परत आल्यावर त्याचा पहिला मोकळा शुक्रवार होता. डावा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता. भूल उतरल्यावर त्यानं शरीफाला ओळखलं आणि तो चक्क हसला.

"तुमच्या ठिपक्यांवरनंच गेलो होतो, बाय. म्हटलं, ठिपका आहे म्हणजे वाट आहे. तिसऱ्या ठिपक्यापर्यंत काय झालं नाही बघा."

हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, मंडळाला तर नाहीच. सुरुंगावर पाय पडला, एवढंच केसपेपरवर होतं. ती रोज त्याचं ड्रेसिंग करायची आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायची. लढाई संपल्यावर जुलैत ती गावाहून परत आली तेव्हा टेकडीवर सुरुंग आहेत हे तिला ठाऊक होतं. हॉस्पिटलात रोज तेच तर येत होतं! पण आपल्याच हातचे ठिपके अजून तिथं लोकांना 'या, या' करत बसलेत, हे तिच्या डोक्यात आलं नाही. आणि आता ते पुसायलाही तिथं जाता येत नव्हतं. झहूर आल्यावर तरी ती तोंड उघडती, तर हा कागद छापलाच गेला नसता.

गुरुवारी तिनं ड्यूटीवरून आठ घरी फोन लावले. तीन घरी कोणी उचलला नाही. बाकीच्यांनी ऐकून घेतलं आणि तोलूनमापून उत्तरं दिली. "करमरकर म्हणाले, सिस्टर जरा नाराज आहेत..." एक जण तर म्हणाला, "तुम्हीही चला ना, राग सोडा." तिनं रिसीव्हर आदळला. चांगलं सांगायला जावं तर लोक आपलीच समजूत काढणार!

शुक्रवारी सकाळी सातला ती खैतानच्या थांब्यावर होती. चाळीसेक माणसं जमली होती. पोळी-भाजीचे डबे, थर्मास, पोरांच्या डोक्यावर टोप्या. करमरकरांच्या गळ्यात शिट्टी. त्यांनी पोरांच्या दोन टीम पाडल्या होत्या. जास्त ठिपके शोधेल त्या टीमला बक्षीस.

ते ऐकलं आणि शरीफा गर्दीतून वाट काढत रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"या, सिस्टर!" करमरकर मोठ्यानं म्हणाले. "आलात! मला खात्री होती!"

बस आली. माणसं सरकायच्या आत शरीफा पहिल्या पायरीवर चढली आणि दोन्ही हात दारांना लावून उभी राहिली. इजिप्शियन ड्रायव्हर घाई करत ओरडला, "यल्ला, सिस्टर, यल्ला!" तिनं त्याला हातानंच थांब म्हटलं.

"सिस्टर, तमाशा नको," करमरकर पुढे आले. त्यांचं हसू आता गेलं होतं.

"तमाशाच आहे हा! ऐका सगळ्यांनी. मी नाराज नाही. मला कोणाचा मान नको. ते ठिपके मी लावलेत. माझ्या हातानं, माझ्या चुन्यानं. तीन आठवड्यांपूर्वी झहूर त्याच ठिपक्यांवरून गेला. आपला झहूर, ज्यानं तुमची पोरं खांद्यावर घेतली. तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्याच्या मधे त्याचा पाय गेला. इथून." तिनं वाकून स्वतःच्या गुडघ्याखाली हाताची कड मारली. "मी रोज तो पाय धुते. आणि मी हे कोणाला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली. बुधवारी मीटिंगमधेसुद्धा गिळलं मी. आता सांगतेय. ज्याला जायचं त्यानं मला ढकलून जावं."

कोणी हललं नाही. एक पोरगा विचारत होता, "कोण झहूर?" आणि त्याच्या बापानं त्याला जवळ ओढलं.

सगळ्यात आधी रांगेतून बाहेर पडल्या त्या सुखदा, करमरकरांच्या बायको. त्यांनी मुलीचा हात धरला. मुलगी म्हणाली, "बट मम्मी, वी आर गोइंग टू विन!" सुखदांनी तिला ओढतच फुटपाथवर नेलं. मग दुसरं कुटुंब निघालं, मग तिसरं. डबे तसेच हातात. शरीफा पायरीवरून उतरली तेव्हा बस दोन पाकिस्तानी मजुरांना घेऊन निघून गेली.

"हे बुधवारी सांगायला काय झालं होतं?" करमरकर दात-ओठ खात म्हणाले. "माझ्या पोरीला मी तिथं..."

"काय झालं होतं? सांगितलं की आत्ताच. लाज! आणि तुम्हाला काय झालं होतं? सुरुंग म्हटल्यावर पुरेसं नव्हतं? त्यासाठी कोणाचा तरी पायच दाखवायला हवा होता?"

करमरकरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. शरीफा वळून निघाली. तिची दोनची ड्यूटी होती.

वॉर्डात झहूर उशीला टेकून बसला होता. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. खैतानातून कोणीतरी भेटून गेलं होतं.

"थांबवलंत म्हणे सगळ्यांना?"

"हो."

"बरं केलंत." तो खिडकीकडे बघत राहिला. शरीफा ट्रे लावत होती, कात्री, कापूस, पट्ट्या. मग तो बोलला आणि त्याचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता असा निघाला.

"जुलैत आलात ना तुम्ही परत?"

"हो."

"मग तेव्हा का नाही उभ्या राहिलात, बाय? जहऱ्याच्या थांब्यावर एक चिठ्ठी डकवायची होती. भट्टीवाल्याला एक शब्द सांगायचा होता. रोज तिथं जात होतो मी. वरातीमागनं घोडं आणलंत!" त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "वाट तुमची होती. दुसऱ्या कोणाची असती तर मी पाय टाकला असता का?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. शरीफाच्या तोंडात चार उत्तरं आली. मला सुचलं नाही. मलाही वाईट वाटतं. मी माफी मागते. इराक्यांनी पेरले, मी नाही. चारही खरी होती. तिनं एकही दिलं नाही.

"बोल," ती म्हणाली. "आणखी बोल."

"काय बोलू? बोलून उगवणार आहे काय?" तो ओरडला आणि मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

शरीफानं स्टूल ओढलं. चादर बाजूला केली. जुनी पट्टी एकेक वेढा सोडवत काढली, जखम धुतली, कोरडी केली. आज टाके चांगले होते, कडेला लाली नव्हती. तिनं नवी पट्टी बांधली आणि टोक चिकटवलं. झहूरनं मान वळवली नाही. रोज तो या वेळेला म्हणायचा, "अल्ला तुमचं भलं करो, बाय." ती ट्रे हातात घेऊन क्षणभर थांबली.

तो काही बोलला नाही.

ती पुढच्या खाटेकडे गेली.