चौदा घरांची वीज

अकरा दिवस ऊन पडलं नव्हतं. पश्चिमेचा वारा समुद्रावरून ढग रेटत होता, आणि टेकडीवरच्या सौर पाट्या नुसत्या भिजत उभ्या होत्या. बॅटऱ्यांच्या खोलीत केवा आकड्याकडे बघत बसली होती. तेवीस टक्के. विसाच्या खाली गेलं की यंत्र आपोआप सगळ्या गावाची वीज तोडतं, कारण त्याहून रिकाम्या केलेल्या बॅटऱ्या पुन्हा उठत नाहीत. कुपांग शहरात तीन महिने राहून केवा हे शिकून आली होती. गावात हे तिला एकटीलाच कळत होतं, आणि गावाला तेच खुपत होतं.

"नवरा मलेशियाला गेला तो सात वर्षं फिरकला नाही. त्याला धरून ठेवता आलं नाही, आणि ही वीज धरून ठेवणार!" पाणवठ्यावर बाया तिच्या देखत म्हणायच्या.

त्या दिवशी सरपंच कोपोंगच्या मुलीचं लग्न होतं. वराकडचे मुलीच्या मोलाचे हस्तिदंत घेऊन होडीने आले होते. कोपोंग स्वतः टेकडी चढून आला, मागे त्याचा थोरला मुलगा लिपात.

"भोंगे दुपारपासून वाजणार, भातही विजेवरच शिजणार. तुझं ते आपोआप बंद होणं आज नको," कोपोंग म्हणाला.

"अमा, आजचा दिवस निघेल, पण बॅटऱ्या मरतील. मग वर्षभर अंधार."

"लग्न माझ्या मुलीचं आहे की तुझ्या बॅटऱ्यांचं?"

लिपात हसला. त्याने तिच्या कमरेची किल्ली हिसकावली, तिला दाराबाहेर ढकललं आणि वीज तोडणाऱ्या कळीला वळसा घालून सरळ तार जोडून टाकली.

सूर्य बुडायच्या सुमाराला, ऐन नाचात, भोंगे घरघरले आणि बंद पडले. दिवे गेले. वराकडचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "एवढे हस्तिदंत दिले, त्यात उजेड धरला नव्हता वाटतं!" सगळा मांडव हसला. कोपोंगचं तोंड काळं ठिक्कर पडलं. त्याने माणसं धाडली आणि केवाला अंबाड्याला धरून मांडवात आणवलं.

"हिनंच बिघडवलं! उभी करा हिला बाकावर. वीज नाही ना? मग तूच आमचा दिवा हो."

तिच्या दोन्ही हातांत पेटत्या मेणबत्त्या दिल्या. पाहुणे जेवले, ताडीची भांडी फिरली, आणि मेण तिच्या बोटांवर ओघळत राहिलं. हात खाली आला की लिपात वेताने तो वर करायचा. "दिवा लवतोय रे!" कुणीतरी ओरडायचं, आणि बाया तोंडाला पदर लावून खिदळायच्या. एकटी म्हातारी तुतो, लुंग्या विणणारी, पाण्याची करवंटी घेऊन पुढे आली आणि सगळ्यांदेखत केवाच्या ओठांना लावली. "माणूस आहे रे ती," ती म्हणाली. केवा पाणी प्यायली. रडू तिला तेव्हाच फुटलं, त्याआधी नाही.

महिनाभर गाव अंधारात राहिलं. पलीकडच्या मोठ्या बेटावरून निरोप आला, नव्या बॅटऱ्या पुढच्या वर्षी. मग कोपोंग माफीचा पांढरा कोंबडा घेऊन केवाच्या दारात आला.

"झालं ते झालं, पोरी. काही होत असेल तर बघ."

केवाने कोंबडा ठेवून घेतला. अठ्ठेचाळीस बॅटऱ्या एकेक तपासल्या. चोवीस जगलेल्या निघाल्या. मेलेल्या खाली किनाऱ्यावर न्यायला तिने लिपातला बोलावलं. एका बॅटरीला चीर होती. अंगावर घ्यायचं रबरी कापड खुंटीला टांगलेलं होतं, पण तिने ते तसंच राहू दिलं. तिसऱ्या खेपेला चिरेतून गळलेल्या आम्लाने त्याचा सदरा आणि खांद्याची कातडी खाल्ली. तो बोंबलत समुद्राकडे धावला. केवा दारातून बघत राहिली.

एकेचाळीस घरं, आणि वीज पुरणार चौदांना. कुठल्या, ते ती ठरवणार होती. दुसऱ्या दिवशी टेकडीवर रांग लागली. पाणवठ्यावरच्या बाया आता "केवाबाई, केवाबाई" करत होत्या.

"अमा कोपोंग, जोरात मागा. मागच्यांना ऐकू जात नाही."

कोपोंगने जोरात मागितलं. मान खाली घालून, तीनदा.

"नाही," केवा म्हणाली. "पुढचा."

त्या शब्दाची चव तिला पहिल्यांदाच कळत होती. जे जास्त वाकले त्यांना तिने वीज दिली, त्या रात्री सगळ्यांत मोठ्याने हसलेल्यांनाही. दुपारपर्यंत तेरा नावं झाली.

तेव्हा तुतो काठी टेकत वर आली. तिने काही मागितलं नाही, ती नुसती उंबऱ्याशी बसली. "डोळे गेलेत, बाई. संध्याकाळी एक दिवा असता तर धागा दिसला असता. अंगणातही नको, मागावरच एक."

केवाने तिच्याकडे पाहिलं. हिने आपल्याला बाकावर पाहिलं होतं, पाणी पाजलं होतं, रडताना पाहिलं होतं. गावातल्या सगळ्या डोळ्यांत आता भीती होती. या डोळ्यांत अजून ती संध्याकाळ होती, आणि दया.

"यादी भरली, इना."

रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की भरली नव्हती.

"बरं," तुतो म्हणाली. "हात बरे झाले का गं तुझे?"

म्हातारी उतारावरून चाचपडत खाली जाऊ लागली, तेव्हा केवाने मागच्या माणसाला पुढे बोलावलं आणि चौदाव्या जागी लिहायला त्याचं नाव विचारलं.