बालवाडीची बाई

डॉक्टरांनी तांबड्या कोंबडीच्या पंखाखालची पिसं बाजूला केली आणि सुई काढली, तेव्हा सगुणाबाईला राहवलं नाही.

"हिचं रगत कशाला घेता? आजारी तर त्या पडल्यात," ती म्हणाली आणि तिनं शेडकडं बोट केलं.

शेडमध्ये अण्णासाहेबांच्या टर्क्या माना ताणून श्वास ओढत होत्या. डोळ्यांखाली सूज, नाकाशी फेस, आणि रोज सकाळी भुशावर काही आडव्या झालेल्या. केदारखेड्याच्या आसपास टर्की पाळणारे अण्णासाहेब एकटेच. त्र्याण्णव साली मोठ्या हौसेनं त्यांनी हा उद्योग मांडला आणि गावानं तितक्याच हौसेनं त्यांना वेड्यात काढलं. तेव्हा त्यांच्या बाजूनं उभी राहिली ती सगुणाबाई. शेड झाडण्यापासून खाद्य टाकण्यापर्यंत सगळं तिच्याच हातात होतं.

टर्कीचं पिलू म्हणजे भलतंच खुळं. समोर खाद्याचं ताट भरून ठेवा, ते त्या ताटात उभं राहून उपाशी मरेल. पहिल्या खेपेला अशी कितीतरी पिलं गेली आणि अण्णासाहेबांनी कपाळाला हात लावला. मग सगुणाबाईनं आपल्या घरची तांबडी कोंबडी आणून पिलांत सोडली. तांबडी ताटात टकटक चोच मारायची, कुटकुट करून बोलवायची, आणि तिचं बघून पिलं दाणा उचलायची. तेव्हापासून दर खेपेला तांबडी शेडात ठरलेली. पाहुणे आले की अण्णासाहेब तिला मुद्दाम दाखवत आणि म्हणत, ही आमची बालवाडीची बाई. सगुणाबाई तोंडाला पदर लावून हसायची. ते कौतुक अर्धं आपलं आहे हे तिला ठाऊक होतं.

डॉक्टर तरुण होते, पण समजुतीनं बोलणारे. त्यांनी सांगितलं की हा जंतूचा आजार आहे आणि आपल्या भागात तो नव्यानं दिसायला लागला आहे. गावठी कोंबडी हा जंतू पचवते, धडधाकट दिसते, पण तिच्या श्वासातून आणि तोंडच्या पाण्यातून तो टर्कीपर्यंत पोचतो. नक्की काय ते तपासणीत कळेल, तोवर पाण्यातून औषध चालू ठेवा आणि हिला लांब न्या.

सगुणाबाईला ते मुळीच पटलं नाही. वारं लागलं असेल, खाद्य खराब आलं असेल, कुणाची नजर लागली असेल. रोग देणारी कुठं एवढी तुकतुकीत असते का? ती तांबडीला काखेत मारून घरी गेली, पण मनातून हादरली होती. पहिल्या बाळंतपणानंतर सासरी निघताना आईनं तिच्या पाटीत एक तलंग घातली होती, नुकती अंड्यावर येणारी. त्या बाळंतपणातली पोर वर्षाची व्हायच्या आत गेली. तलंगेचा वंश मात्र टिकला, आणि तांबडी त्यातली शेवटची.

तपासणीचा निकाल घेऊन अण्णासाहेब स्वतः तिच्या दारात आले. खाटेवर बसले, पाणी प्याले, इकडचं तिकडचं बोलत राहिले. अंगणात तांबडी माती उकरत होती आणि ते तिच्याकडं बघायचं टाळत होते.

"हिच्यातच निघालं का?" सगुणाबाईनं विचारलं.

"निघालं. औषधानं उरलेल्या पाखरांना उतार पडून राह्यला. पण हिच्यात तो बसलेला हाये, निघायचा न्हाई. मी वसंता गड्याला पाठवतो. तुमी नका बघू."

"माजी हाये. मीच करते." ती म्हणाली, "लेकरं जेवायला शिकावीत म्हणून सोडत गेले मी तिला. अन् मीच मारलं का हो त्यायला?"

"मी बी होतोच की संगं," अण्णासाहेब म्हणाले आणि उठले.

तिच्या घरी कोंबडी कापली की शेजारी वाटी जायचीच. तांबडी मात्र खड्ड्यात चुन्याखाली गेली, डॉक्टरांनी तसंच बजावलं होतं. सगुणाबाईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

पुढं शेड रिकामं केलं, धुतलं, महिनाभर तसंच ठेवलं. नवी पिलं आली तेव्हा अण्णासाहेबांनी सांगून टाकलं की ही खेप हातची गेली तर दाराला कुलूप. पिलं दिव्याच्या उबेला ताटाभोवती जमली, पण एकही चोच घालेना. पिलांचं लक्ष ताटाकडं वळावं म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यात रंगीत गोट्या ठेवल्या. दोन-चार पिलं गोट्यांना चोची मारून कंटाळली. दुपारपर्यंत काही माना टाकायला लागली.

सगुणाबाईनं जंतू मारायच्या औषधाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुतले. भुशावर उकिडवी बसली आणि कामानं वाकडं झालेलं बोट तिनं ताटात मारलं. टक, टक. मग घशातून कुटकुट असा आवाज काढला, अगदी तांबडी काढायची तसा. अण्णासाहेब दारापर्यंत आले, थबकले आणि तसेच मागं फिरले.

एक पिलू जवळ आलं. नखाकडं मान वाकडी करून बघितलं आणि त्याच्या बाजूचा दाणा उचलला. त्याच्यामागं दुसरं आलं. सगुणाबाईचे डोळे भरून आले, पण धुतलेला हात तोंडाला लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते पाणी तसंच गालावरून येऊ देत ती ताटात बोट मारत राहिली.