हर्लिंगची अपेक्षित प्रश्नोत्तरं

माणूस गाव सोडतो, देश सोडतो, वेळ आली तर भावकीही सोडतो. पण आपला संघ सोडत नाही. निष्ठा म्हणतात ती हीच.

सुरेश खैरनारांनी कतारला आल्यापासून तीन संघ सोडले होते. पहिला साहेब दक्षिण आफ्रिकेचा होता, तेव्हा ते रग्बीचे भक्त होते. मग लेबनॉनचा साहेब आला आणि खैरनारांना बास्केटबॉलशिवाय घास उतरेना. इंग्रज साहेबाच्या काळात लंडनच्या एका फुटबॉल क्लबासाठी ते इतके मनापासून हळहळत, की साहेबच त्यांची समजूत काढी. आताचे डोनल साहेब आयर्लंडचे. त्यामुळे मन्स्टर नावाच्या प्रांतात हर्लिंग नावाच्या खेळाची जी स्पर्धा चालते, तिच्यात खैरनार क्लेअर जिल्ह्याचे कट्टर समर्थक होते. क्लेअर कुठे आहे हे त्यांनी नकाशात पाहिलं होतं. डावीकडे.

"हर्लिंग म्हणजे नेमकं काय रे?" नाशिकहून थोरल्या भावाने फोनवर विचारलं होतं.

"हॉकी समज. फक्त चेंडू हवेत आणि काठी डोक्याच्या उंचीला. जाळ्यात मारला तर तीन गुण, दांडीवरून गेला तर एक."

"मग मारामारीच म्हण की."

"मारामारीची प्रांतिक स्पर्धा नसते, आण्णा."

विनोद इथवरच. खैरनारांची कंपनी हमद पोर्टच्या वाटेवर गोदामं बांधत होती आणि काम संपत आलं होतं. काम संपत आलं की ऑफिसात केक येतो. पँट्रीत मोठा चौकोनी केक, वर निरोपाची दोन वाक्यं, ज्याचा केक त्याच्याच हातात सुरी, आणि सगळ्यांच्या टाळ्या. गेल्या महिन्यात इतके केक झाले होते, की पँट्रीतून क्रीमचा वास आला तरी खैरनार चहा न घेताच परत फिरत. त्यांच्या क्वालिटी विभागात आता दोनच माणसं उरली होती, ते स्वतः आणि पुण्याचा कैवल्य. जूननंतर त्यातला एकच राहणार, आणि कुणाला ठेवायचं ते डोनल साहेब ठरवणार, असं सगळं ऑफिस म्हणत होतं.

लेकीचं, चैत्रालीचं, बारावीचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. बापाचा व्हिसा गेला की लेकीचाही जातो. बोर्डाची परीक्षा, रजिस्ट्रेशन, सगळं अर्ध्यावर टाकून नाशिकला जायचं आणि तिथल्या कॉलेजांच्या हातापाया पडायचं. खैरनार रोज पहाटे या विचाराने जागे होत आणि एसीचा आवाज ऐकत पडून राहत.

अशात गुरुवारी डोनल साहेबांनी दोघांनाही घरी बोलावलं. रविवारी ऑफिस सुटल्यावर. क्लेअर विरुद्ध लिमरिक.

"दोघांना एकत्र?" ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटता लाटता त्यांच्या बायकोने, नयनाताईंनी, विचारलं.

"एकत्र."

"म्हणजे तोंडी परीक्षा."

नयनाताईंनी लग्नाआधी नाशिकला शिकवण्यांचे क्लास घेतले होते. परीक्षेपुढे कच खाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. विषय समजला नाही तरी चालतो, प्रश्न कुठले येणार ते समजलं पाहिजे, या तत्त्वावर त्यांनी अर्धी गल्ली पास केली होती. शुक्रवार-शनिवार, कतारमधले सुट्टीचे दोन्ही दिवस, त्यांनी खैरनारांना डायनिंग टेबलाशी बसवलं.

"लिमरिकच्या बचावाची तीन वैशिष्ट्यं सांगा."

"उंची. ताकद. आणि... आणि..."

"संयम! अहो, कालच पाठ केलं होतंत. बरं, क्लेअरचे फॉरवर्ड मागच्या मॅचमध्ये का ढेपाळले?"

याचं उत्तर खैरनारांना पक्कं येत होतं. एका आयरिश वेबसाइटवर त्यावर एक झणझणीत लेख होता. त्यातला परिच्छेदच्या परिच्छेद त्यांनी उचलला होता. "क्लेअरचे फॉरवर्ड म्हणजे पावसात गवत वाळत घालणारी माणसं. कष्ट अफाट, हाती चिखल."

"वा!" नयनाताई म्हणाल्या. "हे वाक्य अधोरेखित करा. परीक्षक खूश होतो अशाने."

"बाबा, यू डोन्ट इव्हन लाइक स्पोर्ट्स," चैत्राली खोलीतून बाहेर येत म्हणाली.

"तू अभ्यास कर."

"आय अ‍ॅम. तुम्हीच आवाज करताय."

रविवारी कैवल्य खैरनारांच्याच गाडीतून निघाला. त्याने भगवा-निळा शर्ट घातला होता. क्लेअरचे रंग. खैरनारांनी स्वतःकडे पाहिलं. त्यांचा शर्ट ऑफिसचाच होता, पांढरा.

"छान आहे शर्ट," ते म्हणाले.

"हा? असाच पडला होता, दादा."

"बराच फॉलो करतोस वाटतं?"

"छे हो. वरवर. तुम्ही?"

"मी तर त्याहून वरवर."

यानंतर सिग्नलपर्यंत खैरनारांनी रस्ता पाहिला आणि कैवल्यने मोबाइल. कैवल्यची बायको जुलैत पुण्याहून यायची होती, कागदपत्रं झाली होती. हे खैरनारांना माहीत होतं. चैत्रालीची बारावी कैवल्यला माहीत होती. म्हणून तर दोघे एकमेकांकडे पाहत नव्हते.

डोनल साहेबांचा दिवाणखाना गार होता. साहेब सोफ्याच्या कडेवर बसून टीव्हीशी भांडत होते. पहिला अर्धा तास खैरनारांनी साहेबांकडे बघून काढला. साहेब ओरडले की ओरडायचं, त्यांनी कपाळावर हात मारला की मारायचा. चेंडू त्यांना एकदाही दिसला नाही. मध्यंतराला क्लेअर चार गुणांनी मागे होतं, आणि खैरनारांनी बाथरूम कुठे आहे ते विचारलं.

आत कडी लावून त्यांनी मोबाइल काढला आणि उत्तर पुन्हा वाचलं. उंची, ताकद, संयम. पावसात गवत. ओठ हलत होते. बारावीला गणिताच्या पेपराआधी ते असेच संडासात जाऊन बसले होते.

बाहेर आले तेव्हा टेबलावर केक होता.

खैरनार जागच्या जागी थांबले. केक गोल होता आणि साहेबांच्या पत्नी सुरी घेऊन उभ्या होत्या. त्यावर काही लिहिलंय का ते दिसेना. कैवल्य केककडे पाहत होता आणि त्याचाही रंग उडाला होता. बाईंनी खैरनारांच्याच दिशेने सुरी पुढे केली आणि म्हणाल्या, "सफरचंदाचा आहे. चहाबरोबर. कापता का?"

त्यांनी कापला. टाळ्या झाल्या नाहीत. ही खात्री झाल्यावरच त्यांनी पहिला घास घेतला.

"सुरेश," डोनल साहेब वळले, "फॉरवर्ड लोकांचं काय चाललंय? तुझं मत सांग."

अपेक्षित प्रश्न! खैरनारांनी घास कसाबसा गिळला आणि सुरू झाले. आवाज आधी कापला, मग लागला. उंची झाली, ताकद झाली, संयम झाला. शेवटी किंचित थांबून, नयनाताईंनी शिकवल्याप्रमाणे नजर वर करून, ते म्हणाले, "सर, पावसात गवत वाळत घालणारी माणसं आहेत ही. कष्ट अफाट, हाती चिखल."

 कैवल्यने डोळे मिटून घेतले होते.

"गंमत आहे," साहेब सावकाश म्हणाले. "तू आत होतास तेव्हा मी यालाही हेच विचारलं. यानेही गवतच वाळत घातलं. अगदी याच शब्दांत."

खैरनारांनी बशी टेबलावर ठेवली.

"आणि हे लिहिलंय कुणी, माहीत आहे?" साहेबांनी बाईंकडे बोट केलं. "हिच्या भावाने. लिमरिकचा आहे तो. माझ्या लग्नात चर्चमध्ये त्यांच्या संघाचा हिरवा स्कार्फ घालून बसला होता. तेव्हापासून आम्ही बोलत नाही."

"बोलत नाहीत," बाईंनी दुजोरा दिला आणि केकचा दुसरा तुकडा खैरनारांच्या बशीत घातला.

उत्तरार्धात साहेबांकडे बघायची सोय नव्हती, म्हणून खैरनारांनी टीव्हीच पाहिला. शेवटच्या मिनिटाला पंचाने लिमरिकला फ्री, म्हणजे मोकळा फटका, दिला, चेंडू दांडीवरून गेला, क्लेअर एका गुणाने हरलं. साहेबांनी टीव्ही बंद केला, दारापर्यंत आले, "उद्या भेटू" म्हणाले. त्या 'उद्या'चा अर्थ खैरनार पार्किंगपर्यंत लावत राहिले.

गाडीत बसल्यावर त्यांनी आधी काचा वर केल्या. "माझं उत्तर चोरलंस तू."

"चोरलं? दादा, गुगलवर पहिलं आलं ते वाचलं मी! तुम्ही कुठून आणलंत?"

"पहिलंच."

"मग झालं तर! निदान दुसरं तरी उघडायचं होतंत."

"तू का नाही उघडलंस?"

"मला वाटलं, तुमच्या पिढीला खाली स्क्रोल करता येत नसेल."

"आणि तो शर्ट? असाच पडला होता म्हणे!"

कैवल्यने सीटबेल्ट शर्टावर ओढून घेतला. मग जणू स्वतःशीच म्हणाला, "पण तो फ्री चुकीचा होता."

"कसला चुकीचा? धक्का दिला ना आपल्या माणसाने पाठीत!"

"खांद्याला खांदा लागला, दादा. तेवढं चालतं खेळात."

"तू बघ परत, पाठीत आहे." बोलून झाल्यावर खैरनारांच्या लक्षात आलं की चेंडू त्यांना या वेळी दिसला होता. त्याचा आता काही उपयोग नव्हता. कैवल्यला त्याच्या बिल्डिंगपाशी उतरवलं, तेव्हा दोघेही एकमेकांना "सॉरी" म्हणाले आणि कशाबद्दल ते कुणीच सांगितलं नाही.

दार उघडताच नयनाताईंनी विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"काही नाही. केक दिला."

"केक?" नयनाताई भिंतीला धरून खाली बसल्या. आतल्या खोलीत चैत्रालीचं पाठांतर थांबलं. खैरनार सफरचंद समजावून सांगू लागले, पण त्यावर कुणाचाच विश्वास बसेना.

सकाळी ते ऑफिसात पोहोचले तेव्हा एचआरच्या मुनीराने काचेआडून बोट हलवून बोलावलं. कैवल्य आधीच तिच्या खोलीत उभा होता. खैरनारांनी खुर्चीची पाठ धरली.

"बसा ना. सही करायची आहे दोघांना," मुनीरा हिंदीत म्हणाली. "छपराचं स्टील जहाजावरच अडकलंय, काम पुढच्या मेपर्यंत गेलं. साइटवरच्या सगळ्यांची कॉन्ट्रॅक्टं तिथवर वाढली."

"डोनल साहेबांनी... आमची नावं..." खैरनार चाचरले.

"त्यांना कोण विचारतंय? त्यांचंही त्यातच वाढलंय. हेड ऑफिसने बुधवारीच केलं हे सगळं, मला प्रिंट काढायला वेळ नव्हता."