चौथ्या पानावरच्या चार ओळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी दांडी आहे. काठी म्हणू नका, मला राग येतो. काठी कुत्री हाकलायला असते. मी वर्तमानपत्राची दांडी आहे. माझ्या अंगाला उभी चीर आहे. त्या चिरेत पत्राची कड धरायची, वरचा स्क्रू पिळायचा आणि मला खुंटीला टांगायचे. मग कोणीही मला टेबलावर नेई आणि एका कॉफीवर सकाळभर वाचत बसे.

डॅन्यूबच्या काठी, पुलाजवळच्या आमच्या कॅफेत पूर्वी माझ्या पुष्कळ बहिणी होत्या. कोणाच्या पाठीवर व्हिएन्नाचे पत्र, कोणाच्या प्रागचे, कोणाच्या पलीकडच्या बुडापेस्टचे. ती पत्रे एकमेकांना खोटे पाडत. गिऱ्हाइके तीन पत्रे वाचत आणि स्वतःचे मत चौथेच बनवत. तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमान वाटे. आमच्या नदीच्या दोन्ही काठांवर भाषा एकच, सोयरीकही आपसातच. सरहद्द तेवढी मधून वाहत होती.

मग राजवट बदलली. कॅफे सरकारचा झाला आणि पत्र एकच उरले, तेही सरकारचेच. माझ्या बहिणी शेगडीत गेल्या. मी वाचले, याला नशीब म्हणायचे की दुर्दैव ते तुम्ही ठरवा. रोज सकाळी ते ओलसर, शाईचा वास मारणारे पत्र माझ्या पाठीत खुपसले जाई. मला त्याचा तिटकारा होता, आजही आहे. त्यात पीक कायम भरघोस असे आणि दुकानात कांदा नसे.

लोकही काही कमी नव्हते. त्यांनी ते पत्र उलटे वाचायला सुरुवात केली. या विद्येत बर्नाबाश नावाचा म्हातारा नावाडी सगळ्यांचा गुरू. मला मांडीवर आडवी घेऊन तो मोठ्याने वाची.

"ऐका रे. 'साबण मुबलक आहे.' म्हणजे काय?"

"म्हणजे आजच घेऊन ठेवा!" सगळा कॅफे हसे.

आणि बर्नाबाशचे म्हणणे दर वेळी खरे ठरे, हीच तर पंचाईत होती.

छप्पन सालच्या शरदात पलीकडच्या देशात लोक राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले. गोळीबाराचा आवाज नदी ओलांडून आमच्या कपबशांपर्यंत येई. माझ्या पाठीवरचे पत्र मात्र म्हणत होते, 'मूठभर गुंड आणि परदेशी हेर. जनता शांतपणे कामावर.' ज्यांच्या लग्नांत आम्ही नाचलो ते बेकरीवाले, ते मास्तर, ती कॉलेजची मुले, सगळी एका रात्रीत गुंड झाली! लिहिणाऱ्याचा हात कसा झडला नाही, कोण जाणे.

"'जनता शांत', म्हणजे सगळं गाव पेटलंय," बर्नाबाशने उलगडा केला. "आणि 'पाव मिळतोय', म्हणजे पोरं उपाशी आहेत." कॅफेतल्या लोकांनी पाव गोळा करून पुलापलीकडे धाडले. तिकडे खरोखरच पाव नव्हता. पुढे पूलही बंद झाला.

कॅफेत भांडी घासणाऱ्या एतेल्काची मुलगी योलान तेव्हा पलीकडेच अडकली होती. गावातल्या इतर मुलींबरोबर मावशीच्या मळ्यात द्राक्षतोडणीला गेली होती ती. नवरा युद्धात गेल्यापासून एतेल्काला त्या मुलीशिवाय कोणी नव्हते. रोज सकाळी ती ओल्या हातांनीच बर्नाबाशच्या मागे येऊन उभी राही.

"काका, आमच्या पोरींचं काही आलंय का हो?"

एका मंगळवारी आले. चौथ्या पानावर, फुटबॉलच्या निकालाखाली, चार ओळी. 'पलीकडे द्राक्षतोडणीस गेलेले आपले सर्व नागरिक सुखरूप आहेत. गुरुवारी दुपारी त्यांना बसने पुलावरून आणण्यात येईल. नातेवाइकांनी काळजी करू नये.'

कोणी हसले नाही. बर्नाबाशने चष्मा काढला.

"वाचा ना, काका. तुमच्यासारखं वाचा."

"राहू दे, एतेल्का."

"साबणाचं वाचता, पावाचं वाचता, मग माझ्याच पोरीच्या वेळी तोंड शिवलं का तुमचं?"

"सुखरूप म्हणजे..." म्हातारा चाचरला. "सुखरूप नाहीत, पोरी. आणणार, म्हणजे आणणार नाहीत. आणि काळजी करू नये म्हणजे..." त्याने मला टेबलावर पालथे ठेवले.

मलाही तेच वाटले, मित्रांनो. इतकी वर्षे ते पत्र पाठीवर वाहून मीही उलटेच वाचू लागले होते.

गुरुवारी उजाडता उजाडता, दाट धुक्यात, एतेल्काने बर्नाबाशची नाव सोडली आणि मुलीला शोधायला निघाली. कोणालाच सांगितले नाही. दुपारी पुलावरून बस आली. योलान उतरली आणि द्राक्षांची करंडी सांभाळत धावतच कॅफेत शिरली.

"आई कुठंय?"

एतेल्काचा एप्रन खुंटीवर होता, माझ्या शेजारीच.

दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांत छापून आले, 'धुक्याचा फायदा घेऊन नदी ओलांडणाऱ्या एका सशस्त्र घातपात्याला आपल्या जागरूक पहारेकऱ्यांनी टिपले.' मी बर्नाबाशच्याच हातात होते. सवयीने कोणीतरी विचारले, "म्हणजे काय, काका?"

"वल्हं होतं रे तिच्या हातात," तो म्हणाला. "माझं वल्हं."

त्याने मला खुंटीला अडकवले. नंतर त्याने कधी काही वाचून दाखवले नाही.

योलानने आईचाच एप्रन बांधला आणि कॅफे बंद पडेपर्यंत तिथली भांडी घासली. निघताना मला घरी घेऊन आली. आता मी तिच्या स्वयंपाकघरात असते. धूळ ती रोज पुसते, पण माझ्या पाठीवर वर्तमानपत्र चढवत नाही.

लोक म्हणतात, एतेल्का भोळी होती, बर्नाबाश आगाऊ होता. मला ते ऐकवत नाही. रोज खोटे छापणाऱ्यांनी त्या बाईला खऱ्यावर विश्वास ठेवण्याची सोयच ठेवली नव्हती. त्यांना मी माफ केलेले नाही. मुलांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी वर्तमानपत्रात लिहील. तेव्हा असे लिहा, की 'तुमची मुलगी सुखरूप आहे' हे वाचून आईने घरीच थांबावे.

माझी चीर रिकामी नाही. योलानने तिच्यात एक कात्रण धरून स्क्रू घट्ट पिळला आहे. घातपात्याची बातमी नव्हे ती. चौथ्या पानावरच्या त्या चार ओळी आहेत. कागद पिवळा पडला आहे, पण त्यातले अक्षर न् अक्षर खरे होते.